रेंज रोव्हर स्पोर्ट

रेंज रोव्हर स्पोर्ट ही जग्वार लँड रोव्हर या ब्रिटिश कंपनीची आलिशान आणि वेगवान एसयूव्ही आहे. तिचे उत्पादन २००५ साली सुरू झाले. कंपनीची मालकी २००८ पासून टाटा मोटर्सकडे असून २०२४ पासून या गाडीची जुळणी पुण्यात होते. प्रस्तुत लेखात गाडीचा इतिहास व रचना यांबरोबरच सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः मालवण तालुक्यातील तोंडवलीसारख्या गावी ती चालवताना व बाळगताना उद्भवणाऱ्या प्रश्नांचा विचार केला आहे.

इतिहास

लँड रोव्हरने जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील वाहन प्रदर्शनात 'रेंज स्टॉर्मर' नावाची संकल्पना-गाडी मांडली. तीवरूनच पुढच्या वर्षी रेंज रोव्हर स्पोर्ट बाजारात आली. पहिल्या पिढीचे नाव रेंज रोव्हरचे असले तरी तिचा पाया डिस्कव्हरी ३ या गाडीचा होता. त्यामुळे ती दणकट असली तरी वजनाने फार जड होती. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत संपूर्ण कवच ॲल्युमिनियमचे करण्यात आले आणि वजन ४२० किलोपर्यंत घटले. या गाडीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल हाच म्हणावा लागेल. वेगवान गाडी म्हणून तिची खरी ओळख या पिढीपासून, आणि त्यातही २०१४ च्या 'एसव्हीआर' या ५५० अश्वशक्तीच्या आवृत्तीपासून झाली.

तिसरी पिढी १० मे २०२२ रोजी सादर झाली. तिची लांबी ४.९५ मीटरच्या जवळपास असून पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सुमारे ३ मीटर आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'एसव्ही' या आवृत्तीत ४.४ लिटर क्षमतेचे, ६३५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आहे. ही आवृत्ती ३.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते आणि तिचा कमाल वेग ताशी २९० किलोमीटर आहे.

भारतातील जुळणी व किंमत

टाटा मोटर्सने जग्वार व लँड रोव्हर या दोन्ही नाममुद्रा फोर्ड कंपनीकडून २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या. हा व्यवहार २ जून २००८ रोजी पूर्ण झाला. पुण्यात लँड रोव्हरची जुळणी २०११ साली फ्रीलँडर २ या गाडीपासून सुरू झाली. रेंज रोव्हर स्पोर्ट मात्र इंग्लंडमधील सोलिहल येथून तयार होऊन येत असे. मे २०२४ मध्ये तिच्याही स्थानिक जुळणीची घोषणा झाली आणि शोरूममधील आरंभीची किंमत १.४० कोटी रुपये ठेवण्यात आली. जुळणी ३ लिटरच्या पेट्रोल व डिझेल आवृत्त्यांची होते. सुटे भाग आणून येथे जोडल्यास आयातशुल्क कमी पडते, हे त्यामागचे साधे गणित आहे.

महाराष्ट्रात २० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या खाजगी डिझेल मोटारीस १५ टक्के एकरकमी वाहनकर लागतो. १.४० कोटींवर तो २१ लाख रुपये होतो. एवढ्या रकमेत गावातल्या दोन घरांच्या अंगणात नव्या लहान मोटारी उभ्या राहू शकतात.

कोकणातील रस्ते व गाडीची रुंदी

या गाडीविषयी लिहिताना अश्वशक्तीची चर्चा फार होते, रुंदीची होत नाही. दोन्ही बाजूंचे आरसे उघडे असताना ही गाडी सुमारे २.२ मीटर रुंद भरते. एकपदरी रस्त्याची प्रमाणित रुंदी ३.७५ मीटर आहे, तर एस. टी. बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. म्हणजे दोहोंची बेरीज ४.७ मीटर होते आणि समोरून एस. टी. आली की एकाला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावेच लागते. मालवण तालुक्यातील वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांना पुष्कळ ठिकाणी साइडपट्टीच नसते. एका अंगाला चिऱ्याचा गडगा आणि दुसऱ्या अंगाला चर असतो. अशा जागी गाडीभोवतीचे कॅमेरे व अडथळा दाखवणारे सूचक हे ऐषआरामाचे साधन राहत नाहीत, ती गरज ठरते. वाडीतली पाणंद अरुंद असल्यास गाडी मुख्य रस्त्यालगत ठेवून घरापर्यंत चालत जावे लागते, हे खरेदीपूर्वी टेपने मोजून पाहावे.

वेगाबाबतही हेच म्हणता येईल. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींसाठी वेगाची कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, तर दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यांवर ७० आहे. स्थानिक मर्यादा याहूनही कमी असू शकते. आंबोली, करूळ वा फोंडा घाट चढताना मात्र इंजिनाच्या ताकदीचा खरा उपयोग होतो. मालवाहू ट्रकला मागे टाकण्यास लागणारा वेळ कमी होतो आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनमुळे वळणावर प्रवाशांना हेलकावे कमी बसतात. मागील चाकेही वळणारी सोय असल्यास तीव्र वळणे एका दमात घेता येतात.

टायरची निवड विचारपूर्वक करावी. २२ इंची चाकावर २८५/४५ मापाच्या टायरची बाजूची उंची सुमारे १२८ मिलिमीटर असते. २३ इंची चाकावर २८५/४० मापात ती ११४ वर येते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि त्याची जांभ्याची कड धारदार असते. मोठे चाक दिसायला देखणे असले, तरी या रस्त्यांवर लहान चाकच शहाणपणाचे.

पाणी आणि वाळू

तिसऱ्या पिढीची गाडी ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनीचे परिमाण आहे. ते स्थिर किंवा संथ पाण्यासाठी आणि तळ माहीत असताना लागू पडते. जुलैतला व्हाळ संथ नसतो. साकवावरून पाणी वाहत असताना अडीच टनांच्या आसपास वजनाची गाडीही प्रवाहाने ढकलली जाते, कारण पाणी तिला खालून उचलूही लागते.

'टेरेन रिस्पॉन्स' या प्रणालीत वाळूसाठी स्वतंत्र कळ आहे. ती कळ म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याचा परवाना नव्हे. तोंडवली-तळाशीलची वस्ती पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस गड नदीची कालावल खाडी यांच्यामधील चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर आहे. येथे समुद्राने जमीन खाण्याचा प्रश्न जुना असून वाळूचे उंचवटे आणि त्यांवरील वेली हेच लाटांपुढचे पहिले संरक्षण आहे. रुंद टायरांच्या दोन-चार फेऱ्यांत वेली चिरडल्या जातात आणि मोकळी झालेली वाळू वाऱ्याने उडते. शिवाय किनारा मोकळा पडलेला नसतो. तेथे रापण ओढली जाते, होड्या व जाळी ठेवलेली असतात. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालण्यास येतात. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या अंडी घालण्याच्या जागा सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. घरट्यावरून चाक गेल्यास वाळू दबते आणि पिल्लांना वर येता येत नाही.

चालकाचे नुकसानही कमी नाही. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही, तर खारे पाणी विजेच्या जोडण्यांत शिरते.

खारी हवा व देखभाल

ॲल्युमिनियमचे कवच पोलादासारखे गंजत नाही. परंतु पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम जेथे भिडतात तेथे खाऱ्या ओलाव्याने ॲल्युमिनियम झिजते व पांढरी भुकटी धरते. म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी गाडी वरून पुसण्यापेक्षा खालून गोड्या पाण्याने धुणे अधिक अगत्याचे आहे. सस्पेन्शनच्या रबरी हवापिशव्यांत वाळूचे कण अडकून राहिले तर रबर घासले जाते.

डिझेल आवृत्तीतील काजळी अडवणारी चाळणी स्वच्छ होण्यास काही काळ सलग, मध्यम वेगाने प्रवास व्हावा लागतो. केवळ घर ते बाजार अशा फेऱ्यांत ती तुंबते. पंधरवड्यातून एकदा मुंबई-गोवा महामार्गावर लांबचा फेरा मारल्यास हा त्रास टळतो. चाकरमान्यांनी गणपतीत आणलेली गाडी पुढील सणापर्यंत गावी ठेवल्यास बॅटरी उतरते आणि उंदीर तारा कुरतडतात. त्यामुळे बॅटरीला चार्जर जोडून ठेवणे व इंजिनाचा भाग अधूनमधून उघडून पाहणे आवश्यक असते. बिघाड शोधण्यासाठी अधिकृत संगणकीय उपकरणे लागत असल्याने गावच्या गॅरेजमध्ये टायर बदलण्यापलीकडे फारसे काम होत नाही. सेवाकेंद्र किती दूर आहे आणि गाडी उचलून नेणारे वाहन घरापर्यंत पोहोचू शकते का, याची चौकशी आधीच करावी.

गाडी माडाखाली उभी करू नये. छताची मोठी काच नारळाचा मार सोसेल अशा हिशेबाने बनवलेली नाही.