घाटात इंजिन का तापतं?

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा चढावर दमायचे ते बैल. पुढे मोटारी आल्या आणि इंजिनं तापू लागली. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळचा मिस्त्री याचं निदान करतो, ते आम्हाला तर्कशास्त्राच्या इतिहासातलंच प्रकरण वाटतं.

टोचन लावलेलं डिझेल पिकअप सपाटीवर ठीक चालतं, खंडाळ्याच्या चढावर मात्र काटा लालमध्ये. मिस्त्री विचारतो, बदललं काय? ओझं वाढलं, गियर खालचा, वेग कमी. म्हणजे समोरचा वारा गेला, भिस्त पंख्यावर. म्हणून तो आधी फॅनबेल्ट दाबून पाहतो, मग रेडिएटरच्या जाळीतला चिखल. तिथे दोष नसेल तर थर्मोस्टॅट. गार इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे आले, तर संशय हेड गॅस्केटवर. हेड उतरवायचं म्हणजे मालकाचं कंबरडंच मोडतं. म्हणून स्वस्तातला दोष आधी.

कारण वाढलं की परिणामही वाढतो का, हे पाहण्याची रीत जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कग्रंथात मांडली. गंमत म्हणजे मिल तेव्हा कंपनी सरकारचाच नोकर, लंडनच्या कचेरीत! घाट काही त्याने पाहिला नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, हे त्याला कोण सांगणार?