अंतरा इंजेक्शन : तीन महिन्यांचे गर्भनिरोधक

‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन आहे. त्यात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट हे कृत्रिम संप्रेरक असते. शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखे ते काम करते. अमेरिकेत १९९२ साली गर्भनिरोधक म्हणून त्याला मान्यता मिळाली. भारतात ते १९९० च्या दशकापासून खासगी दवाखान्यांत मिळत होते. महिला संघटनांच्या दीर्घ विरोधानंतर २०१७ मध्ये ‘अंतरा’ या नावाने ते सरकारी कार्यक्रमात आले. सरकारी केंद्रांत ते मोफत मिळते.

काम कसे करते?

दंडात किंवा कमरेवर १५० मिलिग्रॅमचा डोस देतात. औषध स्नायूत साठते आणि हळूहळू रक्तात उतरते. त्यामुळे बीजांडकोशातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. इंजेक्शनची जागा चोळू नये किंवा शेकू नये, नाहीतर औषध लवकर शोषले जाते.

वेळेवर डोस घेतल्यास वर्षभरात हजारात साधारण दोघींनाच गर्भ राहतो. तारखा चुकल्या तर हे प्रमाण बरेच वाढते.

पाळी बंद झाली तर?

बहुतेक जणी याच कारणाने इंजेक्शन सोडतात. सुरुवातीला अनियमित रक्तस्राव होतो किंवा थोडे थोडे अंगावरून जाते. वर्षभरानंतर सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते. ‘रक्त पोटात साठते’ हा समज चुकीचा आहे. गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते, त्यामुळे बाहेर पडण्यासारखे काही तयार होत नाही. मात्र रक्तस्राव खूप होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

आधी माहीत असाव्यात अशा गोष्टी

- वजन वाढू शकते, डोकेदुखी किंवा मूडमध्ये बदल होऊ शकतो.
- हाडांची घनता काहीशी कमी होते. इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते.
- २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात दीर्घ वापराचा मेंदूच्या आवरणातील गाठीशी संबंध आढळला. अशी गाठ एरवी दुर्मीळ असते.
- इंजेक्शन कायमचे वंध्यत्व आणत नाही, पण गर्भधारणा पुन्हा व्हायला शेवटच्या डोसनंतर सात ते दहा महिने किंवा अधिक लागू शकतात. लवकर मूल हवे असल्यास दुसरी पद्धत निवडावी.
- एचआयव्ही व इतर लैंगिक संसर्गांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

कोणी घेऊ नये?

स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला योनीमार्गातील रक्तस्राव, यकृताचा गंभीर आजार, पक्षाघात किंवा अतिउच्च रक्तदाब असल्यास हे इंजेक्शन टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ते घेता येते.

एकदा दिलेले औषध शरीरातून काढून घेता येत नाही. म्हणूनच टोचण्याआधी ही सारी माहिती मिळणे आणि नको असल्यास ‘नाही’ म्हणणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे.