द टेस्टमेंट्स
मार्गारेट ॲटवुड या कॅनेडियन लेखिकेची कादंबरी (२०१९). ‘द हँडमेड्स टेल’चा (१९८५) उत्तरभाग. अमेरिकेत उभ्या राहिलेल्या गिलियड या धर्मसत्ताक राजवटीत मुलींना लिहिणे-वाचणे वर्ज्य. भरतकाम शिकवून त्यांना लग्नासाठी तयार केले जाते. ॲग्नेस या किशोरीचे लग्न वयाने कितीतरी मोठ्या कमांडर जडशी ठरते. त्याच्या तरुण बायका एकामागून एक दगावलेल्या. पण विचारणार कोण? सुटायचे तर ‘आंट’ व्हायचे, म्हणजे त्याच यंत्रणेत रुजू व्हायचे. वाचायला मिळते तेही तिथेच. एकेकाळची न्यायाधीश आंट लिडिया मुलींना वळण लावते आणि सत्ताधाऱ्यांची कुलंगडी गुपचूप लिहून ठेवते. कादंबरीतले सर्वांत कसदार पात्र हेच. शेवटचे पलायननाट्य त्यामानाने सोपे वाटते. बर्नर्डीन एव्हरिस्टो यांच्यासह २०१९चे बुकर पारितोषिक विभागून.