दार उघडायला दोरी

परवा कपाट आवरताना माझ्या पहिल्या गाडीचं कोटेशन सापडलं. २००९ सालचं. दोन व्हेरियंटचे भाव शेजारीशेजारी आणि त्यातल्या महागावर मी बॉलपेनने मारलेली काट. त्या महागात एबीएस आणि दोन एअरबॅग होत्या. "साहेब, सिटीत कशाला लागतंय ते?" असं सेल्समन म्हणाला होता. मला ते लगेच पटलं, कारण पैसे वाचत होते.

गंमत म्हणजे त्याच काळात ऑफिसमधल्या माझ्या मशीनवर वॉलपेपर होता लाल फेरारी एफ४०चा. त्या गाडीतही एबीएस नव्हतं, एअरबॅग नव्हत्या. पण तिच्यात नाही म्हणून ती दैवत, आणि माझीत नाही म्हणून ती 'बेस मॉडेल'! एकाच 'नाही'ला दोन नावं कशी पडली, हे शोधत मागचे दोन वीकेंड घालवले. त्याचीच ही गोष्ट.

एफ४० आली १९८७ मध्ये, फेरारीच्या चाळिसाव्या वर्षाची भेट म्हणून. एन्झो फेरारी १९८८ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत आलेली ही शेवटची नवी फेरारी. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारी, अमेरिकेत जवळपास ४ लाख डॉलर किमतीची. आणि आत काय? गालिचा नाही, रेडिओ नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही. आतून दार उघडायला हँडलसुद्धा नाही, एक दोरी. ओढली की दार उघडतं. सुरुवातीच्या गाड्यांना प्लास्टिकच्या सरकत्या खिडक्या होत्या, आपल्या जुन्या जीपला शोभतील अशा.

बरं, तंत्रज्ञान नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ पासून मिळत होतं. म्हणजे नऊ वर्षं उलटून गेल्यावर फेरारीने ते मुद्दाम घेतलं नाही. कारण वजन. हलकी गाडी लवकर पळते, लवकर वळते आणि लवकर थांबते. त्यामुळे रेसिंगवाल्यांच्या डोक्यात प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न असतो: ही काढली तर काय बिघडेल? आपण कोड रिव्ह्यूला विचारतो तोच.

या विचाराचा सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे गॉर्डन मरे. फॉर्म्युला वनच्या गाड्या बनवणाऱ्या या माणसाने १९९२ मध्ये मॅक्लारेन एफ१ जगासमोर आणली. ड्रायव्हर मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक प्रवासी. एकूण गाड्या बनल्या फक्त १०६. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. १९९८ मध्ये या गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. पण एसी होता, हलका सीडी प्लेयर होता, आणि आपल्या धंद्यातल्यांनी ऐकावं असं म्हणजे मोडेम होता! गाडी बिघडली की फोनच्या तारेवरून तिची तब्येत कंपनीला कळायची. म्हणजे मरेचं वैर सोयींशी नव्हतं. ड्रायव्हर आणि रस्ता यांच्या मधे जे येईल त्याच्याशी होतं.

त्याच वर्षी अमेरिकेत डॉज व्हायपर विकायला आली. ४०० हॉर्सपॉवर, आणि दाराला बाहेरून ना हँडल ना कुलूप. काचा नव्हत्याच, प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडायची, आत हात घालायचा आणि दार उघडायचं. तुम्हाला जमतं ते चोरालाही जमतं, हे सांगायला नकोच.

इथपर्यंत मी या मंडळींच्या बाजूने होतो. पण पुढे गोष्टीला वळण लागतं. काढून टाकणं हीच चैन झाली. २००३ मध्ये फेरारीने ३६० मोडेनाची हलकी, सामान कमी केलेली आवृत्ती काढली, चॅलेंज स्त्रादाले. ती मूळ गाडीपेक्षा महाग होती! पोर्शच्या जीटी३ आरएसमध्ये आतल्या हँडलऐवजी कापडी पट्टा असतो, आणि लोक तो कौतुकाने दाखवतात. थोडक्यात काय, 'नाही' हेच फीचर झालं.

त्याच सुमारास पोर्शची कॅरेरा जीटी आली. ६१२ हॉर्सपॉवर. एबीएस होतं, ट्रॅक्शन कंट्रोल होतं, पण गाडी घसरून फिरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. ते १९९५ पासून मर्सिडीजमध्ये होतं. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अशाच एका कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. तपासात कारण निघालं ते अतिवेग आणि नऊ वर्षांचे जुने टायर. त्यामुळे सगळं खापर त्या एका 'नाही'वर फोडता येत नाही. गाडी चालवणारा तर रेसिंगचा अनुभव असलेला होता. पण ज्या हातांच्या भरवशावर हे सगळं काढून टाकायचं, त्या हातांनाही हद्द असते, एवढं त्या दिवशी दिसलं.

आता माझी गोष्ट. २०१० च्या जुलैत वरंध घाटात, भर पावसात, वळणावर समोर म्हैस आली. मी ब्रेक दाबला, चाकं लॉक झाली. लॉक झालेलं चाक फक्त घसरतं, वळत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि गाडी सरळ कठड्याकडे! एबीएस नेमकं हेच टाळतं: ब्रेक सेकंदात कितीतरी वेळा सोडतं आणि पकडतं, म्हणजे चाक फिरत राहतं आणि गाडी वळते. कठडा वीतभर राहिला तेव्हा थांबलो. मागच्या सीटवर आई होती. ती काहीच बोलली नाही, नुसती खिडकीतून खाली बघत राहिली.

एफ४० घेणाऱ्याला माहीत होतं की आपण काय सोडतोय. शिवाय त्याच्या घरी बहुधा दुसरी, सगळं असलेली गाडी होती. मला माहीत नव्हतं. मी 'टॉप मॉडेलचे चोचले' समजून काट मारली होती. आणि ज्यांच्यासमोर दुसरा कॉलमच नव्हता, त्यांचं काय? २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅगविना टक्कर-चाचणी केली. पाचही गाड्यांना शून्य तारे. आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, एस-क्लासनंतर चाळीस वर्षांनी.

एफ४० अजूनही मला आवडते, हे कबूल. पण मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. २०१५ ची एक सेकंडहँड गाडी बघतोय, स्वस्तात मिळतेय, रंग मस्त आहे, म्युझिक सिस्टिम नवी आहे.

"एबीएस आहे का रे?" मी विचारलं.

"विचारलंच नाही. सिटीत कशाला लागतंय?"

त्याला म्हटलं, रविवारी घरी ये, एक जुना कागद दाखवायचाय.