डावीकडे बघा

तारीख 16 डिसेंबर 1905, वार शनिवार. सकाळचे अकरा वाजत आलेत. कार्डिफच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून तुम्ही बाहेर पडता, खरं तर ढकलले जाता. टॅफ व्हेल रेल्वेच्या गाडीतून ऱ्होंडा खोऱ्यातल्या कोळसा खाणींवरचे कामगार उतरलेत. घासूनपुसून स्वच्छ केलेले चेहरे, डोक्यावर सपाट टोप्या, कुणाच्या कोटाला हिरवा लीक अडकवलेला. वेल्समध्ये या भाजीला झेंड्याचा मान आहे. तुमच्या शेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळावर एक निळी रेघ दिसते. खाणीत झालेल्या जखमेत कोळशाची पूड राहून गेली आणि वर कातडी भरून आली, की अशी खूण जन्मभर जात नाही.

"गोदीवरचा का रे तू?" तो तुम्हाला विचारतो.

प्रश्नात वावगं काही नाही. इथला कोळसा जगभर जातो, तो न्यायला बोटींची रांग लागलेली असते आणि त्या काळात इंग्रजांच्या बोटींवर कोकणातले खलाशी असतातच. हो म्हणा आणि चालू लागा. टॅफ नदीकाठच्या आर्म्स पार्क मैदानाचे दरवाजे उघडलेत. सामना अडीचला असला तरी उशीर केलात तर बाहेर उभं राहून नुसता आरडाओरडा ऐकावा लागेल.

वाटेत सगळीकडे एकच वाद चाललाय. आठ की सात?

हा वाद समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून म्हाताऱ्याचं बोलणं नीट ऐका. रग्बीत स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंच्या आडदांड गड्यांनी डोकी खाली घालून एकमेकांना भिडायचं, मधल्या फटीत चेंडू टाकायचा आणि तो पायानं मागे ओढून आपल्या हाफबॅकच्या हाती द्यायचा. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड सगळे आठ जण घालतात. न्यूझीलंडवाले सातच घालतात. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. आठवा मोकळा राहतो, तो त्यांचा कप्तान डेव्ह गॅलहर. चेंडू फटीत टाकतो तोच. चेंडू आत गेला की तो बाजूला अशा बेतानं उभा राहतो की समोरच्या हाफबॅकला त्यांच्या हाफबॅकपर्यंत, म्हणजे फ्रेड रॉबर्ट्सपर्यंत, पोचायला वाटच मिळत नाही. लाथा खाव्या लागणार हे ठाऊक असल्यानं तो नडग्यांना पॅड बांधून उतरतो.

"ही शुद्ध लबाडी आहे," म्हातारा म्हणतो. "वाट अडवणं नियमात बसत नाही."

"लबाडी म्हणा नाहीतर अक्कल म्हणा, सत्तावीस सामने झाले, एकही हरलेले नाहीत," पुढे चालणारा एक तरुण कारकून मागे वळून म्हणतो. कॉलर कडक, बोटांना शाई. "सप्टेंबरात डेव्हनला 55-4 नं धुतलं. स्कॉटलंड गेलं, आयर्लंड गेलं. इंग्लंड 15-0. आता आपणच उरलोय."

डेव्हनच्या त्या सामन्याची गंमतही तो सांगतो. लंडनच्या वर्तमानपत्रांत तार आली तेव्हा आकडे उलटे पडले असणार असं समजून कुणी डेव्हनच जिंकल्याचं छापून टाकलं म्हणे. वसाहतीतली पोरं साहेबाच्या मुलखात येऊन असा धुमाकूळ घालतील हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. (शहाण्यांना असले धक्के या मोसमात बरेच बसणार आहेत. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1906 मध्ये, मुंबईच्या जिमखान्यावर हिंदूंचा क्रिकेट संघ युरोपियनांना 109 धावांनी हरवेल. पण ते इथे बोलून उपयोग नाही.)

वेल्सच्या निवड समितीनं एक धाडस केलंय. त्यांनीही सातच फॉरवर्ड घेतलेत आणि पाँटिपूलचा क्लिफ प्रिचर्ड हा मोकळा आठवा ठेवलाय. म्हाताऱ्याला हे मुळीच पटलेलं नाही. "मागे चार खेळाडू लावण्याची युक्ती जगाला कुणी शिकवली? कार्डिफनं, 1884 साली. याच वर्षी आपण तिघांनाही हरवून ट्रिपल क्राऊन आणला तो आपल्या पद्धतीनं. 1899 पासून घरच्या मैदानावर हरलो नाही. मग आज दुसऱ्याची नक्कल कशाला?"

"नक्कल नाही हो काका, तोडगा आहे," कारकून म्हणतो. "गेल्या साली ब्रिटिश संघ तिकडे गेला होता. बुश, गेब, मॉर्गन, लेवेलिन, हार्डिंग, आपलेच पाच गडी त्यात होते. वेलिंग्टनला 9-3 नं हरून आले, पण गॅलहर काय करतो ते डोळ्यांनी बघून आले. इतरांना पेपरात वाचायला मिळालं, आपल्याला बघायला."

म्हातारा गप्प बसतो. पटलं म्हणून नाही, समोर दरवाजा आला म्हणून.

आत उभं राहायला जागा अशी नाहीच. दीड वाजता दरवाजे बंद होतात तेव्हा आत सत्तेचाळीस हजार माणसं आहेत असा अंदाज पुढे दिला जाईल. तुमचा उजवा हात कोटाच्या खिशात आहे, तो आता संध्याकाळपर्यंत तिथेच राहणार. वेळ काढायला लोक भजनं म्हणतात, चॅपेलमध्ये शिकलेली, चार आवाजांत बांधलेली. गेल्या साली इव्हान रॉबर्ट्सच्या प्रवचनांनी ही खोरी अशी काही भारली की काही गावांत रग्बी क्लब बंद पडले, चेंडू लाथाडणं पाप ठरलं. आज तेच गळे इथे लागलेत. पाप बहुधा सोमवारपासून पुन्हा सुरू होईल.

वाट बघताना माणसं ओळखून घ्या. वेल्सचा कप्तान ग्विन निकोल्स आणि फुलबॅक बर्ट विनफिल्ड यांची शहरात कपडे धुण्याची लाँड्री आहे. पलीकडे तो बैलासारखा दिसतो तो दाई जोन्स, त्याला लोक बैलच म्हणतात. आणि हाफबॅक डिकी ओवेन, स्वान्सीचा पोलाद कामगार, सव्वापाच फुटांच्या आसपास. त्याच्याकडे लक्ष असू द्या.

न्यूझीलंडचा संघ काळ्या कपड्यांत येतो. मैदानाच्या मध्यावर माओरी हाका होतो, मांड्यांवर थापा, जमिनीवर पाय. प्रेक्षक शांतपणे ऐकून घेतात. मग वेल्सचे खेळाडू एका ओळीत उभे राहतात आणि विंगवरचा छोटासा टेडी मॉर्गन त्यांचं राष्ट्रगीत सुरू करतो. हाकाला उत्तर म्हणून गाणं म्हणावं ही कल्पना वेल्सच्या रग्बी संघटनेतल्या टॉम विल्यम्सची. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं मैदान त्यात असतं. आंतरराष्ट्रीय सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याची पद्धत इथून सुरू झाली असं मानतात. म्हाताऱ्याचा आवाज खर्जातला, आणि तो डोळे मिटून गातोय.

पंच जॉन डॅलस, स्कॉटलंडचा, वय अवघं 27. दोन्ही बाजूंचं कुठल्याच नावावर एकमत होईना, तेव्हा स्कॉटलंडनं दिलेला माणूस. साध्या रस्त्यावरच्या कपड्यांत आणि बुटांत उतरलाय. हे आठवणीत ठेवा, पुढे फार महाग पडणार आहे.

पहिल्या दहा मिनिटांतच कारकुनाचं म्हणणं खरं ठरायला लागतं. वेल्सचे पुढचे गडी भिडायची घाई करत नाहीत. न्यूझीलंडच्या दोघांना आधी वाकू देतात आणि मग आपलं डोकं बाहेरच्या बाजूनं घालतात. त्यामुळे चेंडूच्या जवळची बाजू यांच्याकडे येते. शिवाय गॅलहरनं चेंडू टाकला की डॅलसची शिट्टी. वाकडा टाकलास. पुन्हा शिट्टी. शेवटी वैतागून गॅलहर आपल्या गड्यांना सांगतो की चेंडूसाठी झगडूच नका, घेऊ द्या त्यांना. सत्तावीस सामने जिंकून देणारं यंत्र त्यानं स्वतःच्या हातानं थांबवलंय. त्यात नियोजनाचा कणा असलेला बिली स्टेड आजारी, त्याच्या जागी आलेल्या मायनॉटला आज काही सुचत नाहीये.

साधारण तेवीस मिनिटं झालीत. स्क्रम. आता गर्दी जिकडे बघेल तिकडे बघू नका.

चेंडू ओवेनच्या हातात येतो. तो उजवीकडे झेपावतो. त्याच्या उजवीकडून पर्सी बुश धावत सुटलाय, आणि बुश म्हणजे वेल्सचा सगळ्यात नाटकी खेळाडू, त्याला सोडायचं नसतं हे न्यूझीलंडला वेलिंग्टनपासून ठाऊक आहे. निकोल्स आणि लेवेलिनही तिकडेच. काळ्या जर्सीतला सगळा बचाव त्यांच्याबरोबर सरकतो. सत्तेचाळीस हजार माना तिकडेच वळतात. आणि ओवेन धावता धावता चेंडू उलटा, डावीकडे फेकतो. तिथे क्लिफ प्रिचर्ड, म्हाताऱ्याला नको असलेला तो मोकळा आठवा. चेंडू खाली जातोय, तो वाकून जवळजवळ बुटांच्या नाड्यांवरून उचलतो आणि ऱ्हिस गेबला देतो. गेब आतल्या गड्याला स्वतःकडे ओढून घेतो आणि टेडी मॉर्गनकडे टाकतो. समोर फक्त फुलबॅक जिलेट. मॉर्गन बाहेरून वळसा घेतो आणि गोलरेषेपलीकडे कोपऱ्यात चेंडू टेकवतो.

ट्राय. तीन गुण. विनफिल्डची पुढची किक हुकते. 3-0.

तुमच्या फासळ्यांवर कुणाचं तरी कोपर बसलंय, टोपी कुठे गेली कळत नाही. म्हातारा ओरडत नाहीये. तो कारकुनाकडे बघतो आणि एवढंच म्हणतो, "कुणाच्या डोक्यातलं हे?" ओवेनच्या. आधी बेत करून, घोटून ठेवलेलं. वेल्सची पद्धत सोडायची की दुसऱ्याची घ्यायची या वादावरचं उत्तर या दहा सेकंदांत आहे. आठवा गडी त्यांच्याकडून घेतला, पण त्याला वाट अडवायला नाही, पास द्यायला वापरला.

मध्यंतरात बोलणं वेगळ्या वळणावर जातं. तीन गुणांवर भागेल का? न्यूझीलंड दुसऱ्या डावात खवळतं हा लौकिक आहे. विनफिल्ड एकामागून एक लांब किक मारून त्यांना मागे रेटतोय, ते किती वेळ चालेल?

उत्तरार्धात ते खवळतातच. मग तो प्रसंग येतो. बिली वॉलेस चेंडू घेऊन वेल्सच्या बचावातून तिरका कापत जातो, शेवटच्या क्षणी बॉब डीन्सला देतो. 21 वर्षांचा धिप्पाड डीन्स रेषेकडे झेप घेतो आणि वेल्सचे गडी त्याच्यावर पडतात. डॅलस बराच मागे आहे, घसरणाऱ्या बुटांनी धावतोय. तो पोचतो तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे आहे. ट्राय नाही.

तुम्हाला दिसलं का? नाही. तुमच्यासमोर तीन टोप्या आणि एक छत्री होती. मैदानातल्या बहुतेकांना दिसलं नाही, म्हणून तर प्रत्येकाचं मत ठाम आहे. कबड्डीत चढाईवाल्याचा हात मधल्या रेषेला लागला की नाही यावर गावात पिढ्यान् पिढ्या भांडतात, तसंच हे. डीन्स डेली मेलला तार करेल की चेंडू रेषेपलीकडे सहा इंच टेकवला होता आणि पंच यायच्या आत मला मागे ओढलं. गेब सांगेल की पकडल्यावरही हा पुढे सरकायला धडपडत होता, म्हणजे पोचला नव्हता हे उघड आहे. आणि मॉर्गननं पुढे ट्राय झाला होता असं कबूल केलं, असं न्यूझीलंडवाले सांगत राहतील.

माझं मत विचाराल तर या वादानं त्या सामन्याचं वाटोळं केलं. शंभरहून अधिक वर्षं लोक त्या सहा इंचांवर बोलताहेत आणि ओवेनच्या उलट्या पासवर मोजकेच. डीन्सचा ट्राय दिला असता तर बरोबरी झाली असती, नंतरची किकही बसली असती तर न्यूझीलंड जिंकलं असतं, हे खरं. पण एका न हरणाऱ्या संघाची पद्धत सुटी करून, तिचा एक भाग उचलून, त्यांच्यावरच उलटवणं ही गोष्ट त्या दिवशी घडली, तिच्याबद्दल कुणालाच शंका नाही.

शेवटची शिट्टी होते तेव्हा डिसेंबरचा उजेड जवळपास संपलाय. लोक दोर ओलांडून आत धावतात. कारकून कुणाच्या तरी खांद्यावर. म्हातारा तिथेच उभा राहून हिशेब करतोय. "अजून चार सामने आहेत त्यांचे वेल्समध्ये. ग्लॅमॉर्गन, न्यूपोर्ट, कार्डिफ, स्वान्सी. चारही आपले."

चारही न्यूझीलंडचे होतील. कार्डिफचा 10-8, तोही पर्सी बुशच्या एका ढिलाईमुळे. स्वान्सीचा 4-3. सबंध दौऱ्यात 35 सामने, 34 विजय, हार फक्त ही. आणि या मैदानावरची काही पोरं फार जगणार नाहीत. डीन्स 1908 मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्यानं जाईल, आणि पहिल्या महायुद्धात वेल्सचा चार्ली प्रिचर्ड 1916 मध्ये फ्रान्समध्ये, गॅलहर 1917 मध्ये पॅशनडेलला.

"आता यांना आपण दर वेळी हरवणार," म्हातारा स्टेशनच्या वाटेवर छातीठोकपणे सांगतो. "आपल्याला किल्ली सापडली."

त्याला सांगू नका. वेल्स 1935 मध्ये 13-12 नं जिंकलं, 1953 मध्ये 13-8 नं जिंकलं. त्यानंतर वेल्सनं न्यूझीलंडला आजवर हरवलेलं नाही.