जनावराचं ऑपरेशन: पैसे कुणी भरले, कसे भरले

कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कुणी गोठ्यात बसून. आज आपण एका बिलाबद्दल बोलणार आहोत. जनावराच्या ऑपरेशनचं बिल. ते एवढं मोठं का असतं आणि पूर्वी हा खर्च कोण करायचं, याची ही गोष्ट.

गेल्या श्रावणात आमच्या बचत गटातल्या आत्यांची कुत्री आजारी पडली. तिचं नाव चिंगी. आत्या गावापासून लांब, वस्तीवर एकट्या राहतात. पाच शेळ्या आणि चिंगी, एवढंच त्यांचं घर. चिंगी सारखी पाणी पीत होती, भाकरीला तोंड लावत नव्हती, पोट फुगलं होतं. माजावर येऊन गेल्याला महिना-दीड महिना झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, गर्भाशयात पू झालाय, ते काढावं लागेल, पण ती सोय इथं नाही. जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात फोन केला तर साडेसात हजार सांगितले.

आत्या गटाकडे आल्या. आम्ही बैठक घेतली. एक म्हणाली, एवढ्यात चांगली शेळी येईल. दुसरी म्हणाली, कुत्रीसाठी कर्ज रजिस्टरात लिहायचं तरी काय म्हणून? तिसरी म्हणाली, चार टाके घालायला साडेसात हजार, ही लूटच आहे. आत्या काही बोलल्या नाहीत. असे तीन दिवस गेले. पुढं काय झालं ते शेवटी सांगू. ती लूट होती का, हे कळायला आधी थोडं मागं जावं लागेल.

जनावराच्या उपचाराचा खर्च राज्यानं करायचा, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी. सम्राट अशोकानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दगडावर लेख कोरून घेतले. त्यातल्या दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशी उपचारांची दुहेरी सोय केल्याचं आणि औषधी वनस्पती लावल्याचं सांगितलं आहे. गुजरातेत गिरनारला तो लेख आजही आहे.

पण आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलं ते वेगळं. बैल खच्ची करायचा तर चार गड्यांनी दोर लावून आडवा पाडायचा आणि ठेचायचा. पाय दुखावला की तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. जाणकार माणसाला पायली-दोन पायली धान्य दिलं की झालं. ऑपरेशन तेव्हा स्वस्त होतं असं आपण म्हणतो. खरं तर किंमत तेव्हाही होती. ती जनावर भरत होतं, शुद्धीवर असताना.

मुंबईत १८३२ साली एक मोठा दंगा झाला. कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता. पारशी समाज चिडला, इतर लोकही त्यांच्या बाजूनं उभे राहिले, दुकानं बंद झाली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती-जैन व्यापारी यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर लागा बसवून घेतला, म्हणजे प्रत्येक सौद्यातला थोडा भाग पांजरपोळीला. एकाच्या डोक्यावर बोजा नको, सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं. आपली बचत गटाची पद्धत याहून फार वेगळी नाही. मात्र पांजरपोळीत मुख्यतः सांभाळ व्हायचा, निवारा आणि चारा मिळायचा. शिकलेला डॉक्टर आणि हत्यारं ही पुढची गोष्ट.

तो डॉक्टर आधी आला लष्करात. घोड्यांशिवाय लष्कर चालत नव्हतं, म्हणून १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. तिचा खर्च सरकारी तिजोरीतून. शेतकऱ्याच्या बैलासाठी मात्र आणखी थांबावं लागलं.

१८७४ साली मुंबईत प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था सुरू झाली. पुढं गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी मोठी देणगी दिली आणि परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला त्यांच्या पत्नीचं नाव आहे: बाई साकरबाई दिनशा पेटिट. इस्पितळाच्या आवारातच १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. जेम्स स्टील नावाचे पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. इस्पितळात जनावरं येत, त्यांच्यावर उपचार होताना मुलं शिकत. म्हणजे आपल्याकडे शिकलेला जनावरांचा डॉक्टर तयार झाला तो एका घराच्या दानातून आणि सरकारच्या पैशातून.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल. गुरांची लस सरकार फुकट देतं, मग ऑपरेशन का नाही? त्याचंही उत्तर इतिहासात आहे. त्या काळी बुळकांडीनं गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. म्हणून १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. पुढं लशी आल्या, सरकारनं गावोगाव टोचल्या. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. लाळ्या-खुरकुताची लसही आज सरकारी खर्चानंच टोचली जाते. साथीचा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, म्हणून तो सगळ्यांचा प्रश्न ठरला आणि सगळ्यांच्या पैशातून सुटला. गाईच्या पोटात अडकलेलं प्लास्टिक, बैलाच्या शिंगाचा कॅन्सर, कुत्रीच्या गर्भाशयातला पू शेजारच्या दारात जात नाही. म्हणून तो एकेका घराचा प्रश्न राहिला आणि त्याचा खर्चही त्या घराचाच.

सरकारी दवाखाना नाही असं नाही. १ मे १९६२ ला आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरचे जनावरांचे दवाखाने त्यांच्याकडे आले. तिथं अगदी थोड्या शुल्कात तपासणी होते, वार अडकलेली गाय, मायांग बाहेर आलेली म्हैस, लहानसहान टाके यांचं काम होतं. पण पोट उघडायचं मोठं ऑपरेशन म्हटलं की टेबल, भूल, मदतनीस लागतात. ते प्रत्येक गावी नसतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तिथं आधी विचारावं. आम्ही ते विचारलंच नाही, ही आमची चूक.

आता ते साडेसात हजार. ऑपरेशनच्या दिवशी खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर एकेक ओळ लिहून दाखवली.

पहिली ओळ भुलीची. माणसाला ईथरची भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे अमेरिकेत १८४६ साली सगळ्यांसमोर दाखवलं गेलं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आलं. जनावरांना त्याचा लाभ व्हायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये जनावरांच्या भुलीचा कायदा व्हायला १९१९ साल उजाडलं. भुलीचं औषध वजनावर मोजून द्यावं लागतं, आणि ऑपरेशनभर श्वासावर लक्ष ठेवायला एक वेगळं माणूस लागतं.

दुसरी ओळ स्वच्छतेची. जोसेफ लिस्टर नावाच्या डॉक्टरांनी १८६७ साली दाखवून दिलं की जखम जंतुनाशकानं धुतली तर ती सडत नाही. आज हातमोजे, वाफेवर शुद्ध केलेली हत्यारं, टाक्यांचा खास दोरा, हे सगळं त्यातून आलं.

तिसरी ओळ तपासणीची: रक्त आणि सोनोग्राफी. चौथी सलाईन आणि अँटिबायोटिकची. पाचवी डॉक्टरांच्या कामाची. जनावरांचा डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात, आणि त्याला कुत्र्यापासून म्हशीपर्यंत सगळ्यांची शरीरं शिकावी लागतात.

हाच खर्च माणसाच्या ऑपरेशनलाही असतो. पण तिथं सरकारी रुग्णालय असतं, योजनेचं कार्ड असतं, म्हणून पूर्ण आकडा आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. जनावराच्या वेळी तो सगळा एका कागदावर दिसतो. गुरांचा विमाही बहुधा जनावर दगावल्यावर मिळतो, वाचवायच्या खर्चाला नाही. बिल पाहून आम्हाला वाटलं तेवढी ती लूट नव्हती. चार टाके आम्ही मोजले होते, बाकीचं मोजलंच नव्हतं.

आता चिंगीचं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या दिवशी आम्ही कर्ज मंजूर केलं आणि टेम्पोतून तिला नेलं. तोवर विष अंगात भिनलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता सलाईन जास्त लागेल, दोन दिवस ठेवावं लागेल, खर्च साडेनऊवर जाईल आणि खात्री देता येणार नाही. ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री चिंगी गेली.

बिल तर भरावंच लागलं. आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, कर्ज माफ करू. आत्या म्हणाल्या, "नको गं. तिनं माझी राखण फुकट केली नव्हती, मी तिला भाकर घालत होते. हेही घालते समजा." दर महिन्याला त्यांचा हप्ता येत राहिला. आम्ही मान खाली घालून लिहून घेत राहिलो, कारण वरचे दोन हजार आमच्या तीन दिवसांच्या वादाचे होते.

मैत्रिणींनो, त्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडावं.

कुत्री पाळली असेल आणि पिल्लं नको असतील तर ती धडधाकट असतानाच तिची नसबंदी करून घ्या. मग गर्भाशयात पू होण्याची भीती राहत नाही, आणि धडधाकट जनावराचं ऑपरेशन आजाऱ्यापेक्षा कमी खर्चात होतं. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली, खायची थांबली, मागून घाण वास येणारा स्राव दिसला, तर त्याच दिवशी दाखवा. कधी कधी स्राव दिसतही नाही, नुसतं पोट फुगतं.

मोठं ऑपरेशन सांगितलं तर घाबरू नका आणि भांडूही नका, विचारा. आज केलं नाही तर काय होईल? खर्चात काय काय धरलं आहे? नंतरची औषधं आणि टाके काढणं त्यात आहे का? जनावर वाचायची शक्यता किती? सरकारी ठिकाणी हे कुठं होतं? गाय, म्हैस, शेळी असेल तर १९६२ या फुकट नंबरवर फोन करून फिरत्या दवाखान्याची चौकशी करा.

आणि डॉक्टर वाचणं कठीण म्हणाले तर ते ऐकायचीही तयारी ठेवा. प्रत्येक वेळी ऑपरेशन हेच उत्तर नसतं. नाही म्हणणंही पाप नाही. पण ते कळून, वेळेत म्हणावं.

आमच्या गटाच्या रजिस्टरात आता एक नवा रकाना आहे, "जनावरांचा दवाखाना". दर महिन्याला प्रत्येकीचे वीस रुपये. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी १८३४ साली जे केलं तेच आम्ही आमच्या ऐपतीत करतोय. यातून कर्ज मागितलं तर बैठक त्याच दिवशी घ्यायची, असं ठरलं आहे.

चिंगीची एक लेक आत्यांकडेच होती. माघात तिची नसबंदी झाली. त्या रकान्यातली ती पहिली नोंद. सातव्या दिवशी टाके निघाले आणि संध्याकाळी ती शेळ्यांच्या मागं रानात गेली.