पांढऱ्या मातीचा पेपर

शनिवारी सकाळी डोळा उघडतो न उघडतो तोच आतेबहिणीचा अमेरिकेतून फोन. "दादा, तू इंजिनिअर ना? मग हा बेंडिंग मोमेंट समजावून सांग." म्हटलं, बाई गं, मी कॉम्प्युटरवाला. मोमेंटशी माझा संबंध पहिल्या वर्षीच्या मेकॅनिक्सपुरता, तोही काठावर पास!

ती आर्किटेक्ट. तिकडच्या लायसन्सची परीक्षा देतेय. पूर्वी त्यात स्ट्रक्चरचा वेगळा पेपर असायचा. 2018 साली ती जुनी परीक्षा बंद झाली आणि ते प्रश्न इतर पेपरांत पसरले. तिची तक्रार एकच: "स्ट्रक्चर बघायला इंजिनिअर असतो की! मग मला कशाला हा ताप?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधण्यात माझा वीकेंड गेला.

आर्किटेक्टला लायसन्स हवं, असा कायदा अमेरिकेत सर्वात आधी इलिनॉय राज्यानं केला, 1897 साली. तिथंच 1915 मध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लायसन्सही वेगळं झालं. म्हणजे कामाची वाटणी झाली, पण आर्किटेक्टची स्ट्रक्चरमधून सुटका झाली नाही.

आपल्याकडे 1972 चा कायदा आहे. मान्यताप्राप्त पदवी घ्या, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करा, झालं. लायसन्सची वेगळी परीक्षा नाही. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' हे बिरूद राखतो, काम नव्हे. तसंही खेड्यातल्या जुन्या घरांना कुठला आर्किटेक्ट न् कुठला इंजिनिअर? सगळा भरवसा गवंड्यावर.

त्या घरांची परीक्षा झाली 30 सप्टेंबर 1993 ला, किल्लारीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात सुमारे 10 हजार माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

भूकंप प्रचंड मोठा नव्हता, 6.2 च्या आसपासचा. मारलं ते घरांनी. दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, पण सांध्यात नुसती माती. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर माळवदावर मातीचे जड थर. हलवणारा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे उन्हापासून वाचवणारं छतच अंगावर आलं. आणि नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता! 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्यात गेला. कच्च्या दगड-विटांची घरं मजबूत कशी करावीत, याचं भारतीय मानकही 1993 चंच, आयएस 13828.

हे वाचताना आमचं नगरजवळचं नागापूरचं घर डोळ्यांसमोर आलं. आजोबा पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायचे. गळलं की आणखी एक थर. जुनी माती कोणी काढायचं नाही. आमच्या ऑफिसात जुन्या कोडवर असेच पॅच चढतात, फक्त तिथं खाली कोणी झोपलेलं नसतं.

रविवारी रात्री बहिणीला हे सगळं सांगितलं. नागापूर म्हणजे तिचं आजोळ. थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "दादा, आजीच्या खोलीवर आता किती थर असतील रे?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या शनिवारी एका सिव्हिलवाल्या मित्राला घेऊन नागापूरला चाललोय. तोवर आजीला पुढच्या पत्र्याच्या पडवीत झोपायला सांगितलंय. ती अर्थातच ऐकत नाहीये.